खाऱ्या पाण्यातले पहिले दिवस

सौमित्र खवणेकरने त्या सकाळी हट्ट करून आपली चाकांची खुर्ची अगदी पाण्याच्या काठापर्यंत न्यायला लावली. धक्क्यावर वारा बोचरा होता. त्याच्या बायकोने, शाल्मलीने, त्याच्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला, पायांवर दुलई टाकली, तरी तो कुडकुडतच होता. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. टँकरच्या मागे जाड नळी धरून लोरेन उभी होती आणि त्याच्याकडे बघत होती.

"सोडू?" तिने विचारलं.

"सोड."

नळीतून पाण्याचा लोट आला आणि त्याच्याबरोबर वीतभर लांबीची, चांदीच्या वर्खासारखी चमकणारी पिल्लं टोलाना नदीच्या मुखात उतरली. क्षणभर ती गोंधळल्यासारखी एकाच जागी घोटाळली. मग एकेक करत त्यांनी तोंडं पश्चिमेकडे वळवली. तिकडे, वाळूच्या दांड्यापलीकडे, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर पॅसिफिक महासागर आपटत होता.

"बघ, कुणी सांगावं लागलं नाही," सौमित्र म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. शाल्मलीने ते पाहिलं आणि नळीकडे बघत असल्यासारखं केलं.

ती स्टीलहेड जातीची पिल्लं होती. सॅमनचीच भावंडं. नदीत जन्मायचं, वर्ष-दोन वर्षं गोड्या पाण्यात काढायची, समुद्रात जाऊन मोठं व्हायचं आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत परतायचं, असं त्यांचं आयुष्य. टोलानावर पूर्वी धरण होतं. ते बांधलं तेव्हा लोरेनची आई लहान मुलगी होती. या नदीच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहत आलेल्या मूळ रहिवाशांपैकी ते कुटुंब. धरणानंतर मासे यायचे थांबले आणि तिच्या माणसांनी धरण पाडून घेण्यासाठी सारा जन्म घालवला. काही वर्षांपूर्वी ते पडलं. आता लोरेन नदी-परिषदेची प्रमुख होती, आणि वेंगुर्ल्याजवळच्या खवण्याहून शिकायला आलेला आणि मग इथलाच झालेला सौमित्र परिषदेच्या हॅचरीचा, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचा. धरणाखालच्या पाण्यात तग धरून राहिलेल्या मोजक्या मूळ स्टीलहेडांपासून त्याने हे बीज वाढवलं होतं. जगात दुसरीकडे कुठेही ते नव्हतं.

म्हणूनच सगळी पिल्लं एकदम सोडायची नाहीत असं ठरलं होतं. निम्मी आज. उरलेली निम्मी हॅचरीच्या थंड टाक्यांत. पहिल्या तुकडीचं महिनाअखेरपर्यंत समुद्रात बरं चाललं, तर दुसरी सोडायची.

हे 'बरं चाललंय का' कळणं, हीच नवी गोष्ट होती. आणि ती शाल्मलीची होती.

समुद्रात शिरणारं पिल्लू एका फार नाजूक वळणावर असतं. नदीत असताना त्याचे कल्ले पाण्यातलं थोडंसं मीठ ओढून घेत असतात. समुद्रात त्यांना नेमकं उलटं काम करावं लागतं, मीठ बाहेर फेकावं लागतं. त्यासाठी वसंतात काही आठवडे शरीराची आतून उलथापालथ होते. अंगावरचे नदीतले काळपट ठिपके जातात, चांदी चढते. त्या आठवड्यांत समुद्र गाठला तर ठीक. नाहीतर शरीर पुन्हा मागे फिरतं. आणि गाठला, तरी पुढचे काही दिवस सगळ्यात वाईट. भरपूर खायला मिळालं, भराभर वाढ झाली, तर ते पक्ष्यांच्या चोचीत न मावण्याइतकं मोठं होतं. नाही मिळालं तर संपलं. समुद्रातलं त्याचं नशीब बहुतेक या पहिल्या दिवसांतच ठरून जातं.

पण ते कुणाला दिसत नसे. पिल्लं सोडायची आणि वाट बघत बसायचं. दोन वर्षांनी थोडे मासे परत आले तर आनंद, नाही आले तर का नाही आले याचे नुसते अंदाज. मधला सगळा काळ अंधार.

शाल्मली आवाजाची इंजिनिअर. पाण्याखालचा आवाज हाच तिचा विषय. तिने कपाळावरच्या टिकलीएवढं एक यंत्र बनवलं होतं आणि त्याचं नावही टिकलीच ठेवलं होतं. ते पिल्लाच्या पोटाच्या कातडीखाली सरकवायचं. शेपटीच्या हालचालीवरच ते चालायचं. शेपटी किती जोरात हलतेय, पोट भरलंय की रिकामं, आजूबाजूचं पाणी किती थंड, हे सगळं ते बारीक टिकटिकीतून सांगत राहायचं आणि समुद्रात सोडलेले तरंगते कान ती टिकटिक टिपून किनाऱ्यावर पाठवायचे. मासा मेला तरी टिकली थोडा वेळ बोलत राही. त्यामुळे तो कसा मेला तेही कळे. पक्ष्याने गिळला तर तापमान एकदम चढायचं. मोठ्या माशाने गिळला तर थंडच राहायचं, पण भोवती आम्ल वाढायचं. आणि उपासमारीने मेला, तर शेपटी मंदावत मंदावत थांबायची.

टिकलीवर तिने बरीच वर्षं घालवली होती. पण गेल्या हिवाळ्यात सौमित्रच्या यकृतात कर्करोग सापडला आणि कामाला वेगळाच अर्थ आला. उन्हाळा निघेल, डॉक्टर म्हणाले होते. पुढचं ते बोलले नाहीत. दोन वर्षांनी परत येणारे मासे बघायला सौमित्र असणार नव्हता. पण समुद्रातले पहिले दिवस त्याला ऐकता येणार होते, आणि त्याच्यासारख्या माणसाला तेवढ्यावरून पुढचं सगळं कळलं असतं.

"मला परत आलेलेच दिसतील बघ," तो म्हणायचा. "थोडे आधी, इतकंच."

पहिला आठवडा सुखाचा गेला. शाल्मलीने त्याच्या पलंगाशेजारी स्पीकर ठेवला आणि शेकडो शेपट्यांची टिकटिक त्यात सोडली. कुरमुऱ्यांच्या पोत्यात हात घातल्यावर येतो तसा खसखस आवाज खोलीभर पसरला. सौमित्र डोळे मिटून तो ऐकत राहायचा.

"आता खातायत," मधेच म्हणायचा.

"कशावरून?"

"लय तुटली बघ. झेप घेतायत. जाऊन बघ पोटं भरलीयत का."

ती शेजारच्या खोलीत जाऊन पडद्यावर बघायची. पोटं भरलेली असायची.

"अरे, हे यंत्र मी केलंय की तू?"

"यंत्र तू केलंस. पोरं माझी आहेत."

मग त्याला ताप चढला. पित्तनलिकेत अडथळा झाला म्हणून पोर्टलंडच्या हॉस्पिटलात ठेवावं लागलं. तिथे तो अर्धवट शुद्धीत होता तेव्हा किनाऱ्यावरचा वारा पडला.

या किनाऱ्यावर वसंतात उत्तरेकडून वारा येतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्याच्याने वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं गार, पोषक पाणी वर येतं. त्या गार पाण्याबरोबर उत्तरेकडचे चरबीने भरलेले बारीक जीव येतात. त्यांना खाऊन छोटे मासे पोसतात आणि त्या छोट्या माशांवर ही पिल्लं. त्या वर्षी कोमट पाण्याचा एक प्रचंड पट्टा हिवाळ्यापासून दूर समुद्रात पसरून होता. वारा थांबताच तो किनाऱ्याला येऊन भिडला. त्याच्याबरोबर आले ते दक्षिणेकडचे जीव, नुसते सांगाडे. खायला होतं, पण त्यात कस नव्हता. आणि पिल्लांच्या नेहमीच्या खाद्यातले मासे गार पाण्याच्या मागे निघून गेले होते.

शाल्मली हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये लॅपटॉप उघडून बसायची. आधी पोटं रिकामी दिसायला लागली. मग शेपट्या मंदावल्या. दमलेली पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात आली आणि पक्ष्यांना सोपी झाली. एकेका टिकलीचं तापमान चढत गेलं. चढलं, थोडा वेळ तसंच राहिलं, मग टिकली गप्प. तिने हे यंत्र इतकं चोख बनवलं होतं की कुठल्याही मरणाबद्दल शंकेला जागा राहिली नाही.

सौमित्रला घरी आणलं त्या दिवशी समुद्रात बोलणारी पिल्लं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

त्याला उशांना टेकवून बसवलं. चेहरा पिवळा पडला होता, मनगटं मुलासारखी झाली होती. पहिला प्रश्न त्याने तोच विचारला.

"कशी आहेत गं पोरं?"

शाल्मली त्याच्या अंगावरची चादर सारखी करत होती. ती चादरीची घडी काढत राहिली.

"बरी आहेत," ती म्हणाली.

"सगळी?"

"थोडी गेली. तेवढी जायचीच ना. बाकीची छान आहेत."

"मग आवाज लाव की. तिथे त्या मशीनचं बीप ऐकून कान किटले माझे."

ती शेजारच्या खोलीत गेली. पडद्यासमोर नुसती उभी राहिली. मग तिने पहिल्या आठवड्यातलं ध्वनिमुद्रण उघडलं आणि स्पीकरला जोडलं. भिंतीपलीकडे ती भरगच्च खसखस सुरू झाली आणि तिला सौमित्र हसल्याचं ऐकू आलं.

त्या दिवशी त्याने उकड्या तांदळाची पेज वाटीभर खाल्ली, वर लोणच्याचा खार मागितला. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बसला. वेंगुर्ल्याहून त्याच्या बहिणीचा, सुनेत्राताईंचा, फोन आला तेव्हा त्याने स्वतः उचलला आणि ताईंना स्पीकरजवळ फोन धरून आवाज ऐकवला. "माझी पोरं ऐक गो, समुद्रात पोचली," तो म्हणाला. ताईंना त्यातलं काही कळलं नसेल, पण भावाचा आवाज इतका ठणठणीत लागला म्हणून त्या आनंदाने रडल्या.

परिषदेला दर आठवड्याला पाठवायचा अहवाल शाल्मलीने पाठवला नाही. उद्या, ती स्वतःशी म्हणाली. मग पुन्हा उद्या. तिला वाटत होतं, दुसरी तुकडी सोडायला अजून अवकाश आहे. तोवर लोरेनला हळूच सांगू. सौमित्रला कळायची गरजच नाही. तो या आवाजात शांतपणे जाईल.

त्या आठवड्यात नदीच्या मुखाबाहेरचा एक तरंगता कान बंद पडला. नर्स घरी आलेली बघून शाल्मली होडी घेऊन तो आणायला गेली. दांड्यापलीकडे फोन चालत नाही. पाणी गुळगुळीत होतं, वारा नव्हताच. तिने हात पाण्यात घातला तर ते या समुद्राला न शोभण्याइतकं उबदार लागलं.

परतताना तिला आधी पक्षी दिसले. धक्क्यावर पांढऱ्या टर्नांचा आणि काळ्या पाणकावळ्यांचा थवाच्या थवा घिरट्या घालत होता. एक पक्षी सूर मारून वर यायचा, लगेच दुसरा. इतके पक्षी तिथे कशाला जमतील, असं तिच्या मनात आलं आणि त्याच क्षणी तिला टँकर दिसला.

ती होडीत उभी राहून ओरडायला लागली. अंतर फार होतं. इंजिन पूर्ण जोरात सोडून ती धक्क्याला आदळलीच.

"बंद कर! लोरेन, नळी बंद कर!"

लोरेनने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चाक फिरवलं. नळी गप्प झाली. धक्क्याखालच्या पाण्यात चांदीचे ठिपके गोंधळून फिरत होते आणि वरून पक्षी पडत होते.

"काय झालं?" लोरेनने विचारलं.

"कुणी सांगितलं तुला सोडायला?"

"सौमित्रने. सकाळी फोन केला होता. म्हणाला, समुद्र मस्त आहे, पिल्लं रोज ऐकतोय मी, कल्ल्यांची तपासणीही म्हणतेय की तयार आहेत, मग महिनाअखेर कशाला. तुला लावला फोन, लागला नाही. त्याच्या आवाजात इतका जीव आला होता, शाल्मली. मला वाटलं, त्याच्या हयातीत होऊ दे."

"समुद्र मस्त नाहीये," शाल्मली म्हणाली. "पहिली तुकडी गेली. जवळजवळ सगळी."

"कधी?"

शाल्मलीने सांगितलं.

लोरेन साठीची, रुंद खांद्यांची बाई होती. ती रागावली की आवाज खाली जायचा. "आणि तो काय ऐकतोय मग?"

"जुनं. रेकॉर्ड केलेलं."

लोरेन पाण्याकडे वळली. टँकरमधली निम्म्याहून थोडी अधिक पिल्लं वाचली होती. बाकीची या पक्ष्यांखालून दांड्याकडे निघाली होती आणि त्यांना बोलावून परत आणायची काही सोय नव्हती.

"हे मासे परत आणायला माझ्या आईचा जन्म गेला," ती म्हणाली. "माझाही जाईल. तुला एक फोन करता आला नाही?"

"तो मरतोय, लोरेन."

"माहीत आहे मला. आजच्या आज सांग त्याला. तू सांग, नाहीतर मी सांगते. ते बरं दिसणार नाही."

शाल्मली घरी पोचली तेव्हा दुपारचं ऊन खोलीत आलं होतं. नर्स जायच्या तयारीत होती. स्पीकरवर खसखस चालू होती आणि सौमित्र दाढी करून, स्वच्छ सदरा घालून बसला होता.

"सोडली ना?" त्याने विचारलं. "लोरेन म्हणाली, फोटो पाठवते. तुला न विचारता केलं म्हणून चिडू नकोस हं. मला बघायचं होतं गं."

शाल्मलीने जाऊन स्पीकर बंद केला. खोली एकदम रिकामी झाल्यासारखी वाटली.

"सौमित्र, पहिली तुकडी गेली. पाणी गरम झालं. तू हॉस्पिटलात होतास तेव्हाच."

त्याने मान किंचित तिरकी केली. त्याला नीट ऐकू आलं नसावं असं तिला वाटलं. पण त्याने ऐकलं होतं.

"कशाने?" तो म्हणाला.

"उपासमार. आणि पक्षी."

"किती राहिलीत?"

"कालपर्यंत चार-पाच बोलत होती. आज बघितलं नाही मी."

"आणि आजची?"

"निम्म्याहून अधिक वाचवली. बाकीची..."

सौमित्र आपल्या दाढी केलेल्या गालावर हात फिरवत राहिला. मग त्याने बंद स्पीकरकडे बोट दाखवलं.

"हे काय होतं?"

"पहिल्या आठवड्यातलं."

"म्हणजे मेलेल्यांचं."

"तेव्हा जिवंत होती ती."

"मी ऐकत होतो तेव्हा मेलेली होती, शालू." आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी ताईला ऐकवलं. आणि त्याच्या जिवावर मी उरलेली पोरं समुद्रात घातली. तीस वर्षं हेच काम केलं मी. पाणी न बघता पिल्लू सोडलं नाही कधी."

"तू जेवायला लागला होतास," ती म्हणाली. "हसत होतास. मला तेवढंच दिसत होतं रे."

"डॉक्टर गोड बोलतात. ताई गोड बोलते. नर्ससुद्धा रिपोर्ट बघून आधी हसते, मग बोलते. तू तेवढी सरळ सांगायचीस. म्हणून सगळं तुला विचारायचो." त्याने डोळे मिटले. "आता कुणाला विचारू?"

ती पलंगाच्या कडेवर बसली आणि त्याने पाय थोडे पलीकडे घेतले. तिला जागा करून दिली की तिच्यापासून दूर घेतले, हे तिला नंतरही कधी कळलं नाही.

त्यानंतरचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. सौमित्र तिच्याशी बोलायचा. पेज गरम आहे, खिडकी लाव, पाठ दुखतेय. भांडण कधीच झालं नाही. फक्त तो तिला काही विचारेनासा झाला. रक्ताचे रिपोर्ट आले की तो नर्सला इंग्रजीत विचारायचा, शाल्मली तिथेच उभी असताना. औषधाचा डोस वाढला का, हे बाटलीवर स्वतः वाचून बघायचा. एकदा ती म्हणाली, "आज रंग जरा बरा दिसतोय तुझा," आणि त्याने नर्सकडे आरसा मागितला.

तिने समुद्राचा खरा आवाज त्याच्या खोलीत लावून दिला. न सांगता. त्यात दोन-तीन शेपट्या होत्या, मधे लांब शांतता. तो ऐकत राहिला. शेवटची टिकली थांबली तेव्हा दोघंही जागी होती. थोड्या वेळाने शाल्मलीने वायर काढून गुंडाळली.

लोरेन भेटायला आली ती टाक्यांत परत नेलेल्या पिल्लांचं विचारायला. समुद्र अजून गरमच होता, आणि पिल्लांच्या अंगावरची चांदी उतरायला लागली होती. त्यांची शरीरं पुन्हा गोड्या पाण्याकडे वळत होती.

"वरच्या ओढ्यात सोड," सौमित्र म्हणाला. "धरणाच्या जागेच्या वर. पाणी गार आहे, कीटक भरपूर आहेत. राहतील."

"राहतील, पण स्टीलहेड नाही होणार," लोरेन म्हणाली. तिलाही हे शास्त्र त्याच्याइतकंच ठाऊक होतं. समुद्रात गेला तर स्टीलहेड, नदीतच राहिला तर रेनबो ट्राउट. जात एकच, पण एक हातभर वाढतो आणि दुसरा वीतभर-दीड वीत. "माझी माणसं परत येणाऱ्या माशांची वाट बघतायत, सौमित्र."

"माहीत आहे. पण यांच्या पोटची काही जातील कधीतरी. सगळी घरात बसणारी निघत नाहीत. निदान बीज राहील."

"आपण बघू तेव्हा?"

"तू बघशील कदाचित." मग तो म्हणाला, "त्या दिवशीची पिल्लं माझ्यामुळे गेली. तुझ्या लोकांना सांग तसं."

"तुझ्यामुळे नाही," लोरेन म्हणाली. शाल्मली दारात चहा घेऊन उभी होती. लोरेनने तिच्याकडे पाहिलं नाही, पण जाताना कप स्वतः धुऊन ठेवला आणि म्हणाली, "शुक्रवारी ये. पिल्लं वर न्यायला माणसं कमी आहेत."

शुक्रवारी शाल्मली गेली. ओढ्यापर्यंत टँकर जात नव्हता. पाठीवर पाण्याच्या पिशव्या घेऊन चढण चढायची होती. पिशवीत पिल्लं पाठीला धडकत होती. ओढ्यात सोडल्यावर ती दगडांच्या सावलीत शिरली आणि दिसेनाशी झाली. कुणीही पश्चिमेकडे तोंड वळवलं नाही. शाल्मली तिथे गुडघ्याएवढ्या गार पाण्यात उभी राहिली. लोरेनने येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, नुसता ठेवला, आणि मग दुसरी पिशवी आणायला खाली गेली.

घरी येऊन शाल्मलीने सौमित्रला सांगितलं, "सोडली. वाटेत थोडी मेली. पिशव्या तापल्या होत्या."

त्याने मान हलवली.

ऑगस्ट लागला. सौमित्र जेवेनासा झाला, मग पाणीही चमच्याने. एका दुपारी तो बराच वेळ झोपून उठला. खिडकीतून ऊन त्याच्या हातावर आलं होतं. शाल्मली शेजारी खुर्चीत होती.

"शालू."

"काय रे?"

तो तिच्याकडे बघत होता. गेल्या कित्येक दिवसांत त्याने असं सरळ पाहिलं नव्हतं.

"झालं का माझं?" त्याने विचारलं.

तिच्या जिभेवर तेच आलं, काहीतरी काय बोलतोस. तिने ते गिळलं.

"हो," ती म्हणाली. "आज किंवा उद्या. नर्स म्हणाली सकाळी. मलाही तसंच दिसतंय. श्वास बदललाय तुझा."

"खरं?"

"खरं."

त्याने तिच्याकडे हात सरकवला. तिने तो धरला. हात गार होता आणि त्यात जोर नव्हता.

"मला भीती वाटतेय गं," तो म्हणाला. "खूप. हिवाळ्यापासून वाटतेय. बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, काही होत नाही."

ती म्हणाली असती. तिला ते माहीत होतं. ती उठली, पलंगावर त्याच्या बाजूला जेवढी जागा होती तेवढ्यात आडवी झाली आणि त्याला कुशीत घेतलं. तो लहान मुलासारखा रडला. रडायलाही त्याच्यात ताकद नव्हती, नुसतं अंग हलत होतं.

"मलाही वाटतेय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. सहज गेला नाही. श्वासासाठी धडपडला, तिचं मनगट घट्ट धरलं, डोळे उघडे होते. ती त्याचं नाव घेत राहिली.

वेंगुर्ल्याला फोन लावला तेव्हा तिथे रात्र झाली होती. सुनेत्राताईंनी पहिल्या रिंगलाच उचलला. शाल्मलीने तो गेल्याचं सांगितलं.

"शाल्मली," त्या म्हणाल्या, "शांत गेला ना गं माझा भाऊ?"

शाल्मली पलंगाकडे बघत होती.

"नाही, ताई," ती म्हणाली. "घाबरला होता. फार घाबरला होता. मी त्याला धरून होते."

पलीकडून हुंदका आला. मग शाल्मलीलाही, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, मोठ्याने रडू फुटलं. दोघींपैकी कुणीही दुसरीला गप्प केलं नाही.